डब्यात दाणा किती उरला, हे शिडी न लावता कसं ओळखायचं?

चोपडा तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंची विचारणा आहे. सातपुड्याच्या पायथ्याला शेत, बांधावर निंबाची झाडं. त्यांवर तेलाचे रिकामे डबे कापून केलेले पाखरांचे फीडर टांगलेत. विहिरीजवळ लोखंडी तिपाईवर २०० लिटरचा ड्रम बसवायचाही बेत आहे, कारण मोबाइलवर परदेशातले तसे व्हिडिओ पाहिलेत. राहणं गावात, शेतावर चक्कर आठवड्यातून दोन-तीनदा. दर वेळी शिडी लावून झाकण उघडायचं जिवावर येतं. म्हणून विचारतात, ‘खालूनच दाणा दिसेल असा घरगुती जुगाड सांगा, आणि ड्रमचं काय करू तेही सांगा.’

भाऊ, पत्र्याचं काम हा माझा धंदा आणि पाखरांचे डबे हा नाद. त्यामुळे जुगाड पुष्कळ सांगता येतील. त्याआधी तुम्ही नेमकं काय मोजणार आहात ते ठरवू.

डबा रिकामा झाला तर फारसं काही बिघडत नाही. चिमण्या, होले, साळुंक्या, पोपट यांचं पोट एका डब्यावर चालत नाही. इथे दाणा संपला की ती शेजारच्या खळ्यावर जातात, आणि दोन दिवसांनी डबा भरला की परत येतात. खरा घात होतो तो डबा भरलेला दिसतो आणि आतला दाणा हलत नाही तेव्हा. श्रावणातली झड, झाकणाच्या कडेने झिरपलेलं पाणी, तळाशी बसलेला गोळा. वरून बघणारा म्हणतो, दाणा आहे की भरपूर! आणि खाली पाखरं बुरशी लागलेले दाणे टिपत असतात. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष कोंबडीला मारतं तसं चिमणीलाही मारतं. म्हणून माझ्या लेखी चांगली खूण ती, जी दाणा किती आहे यासोबत मागच्या खेपेपेक्षा तो सरकला का हेही सांगते. पुढचं सगळं या हिशोबाने वाचा.

आता दाण्याचा स्वभाव. बहुतेकांचे जुगाड इथेच फसतात. पाण्याच्या टाकीला बाहेरून पारदर्शक नळी लावली की आतली पातळी नळीत दिसते. गवंड्याची लेव्हल-ट्यूब त्यावरच चालते. तेच बघून लोक दाण्याच्या डब्यालाही बाहेरून नळी जोडतात. ज्वारी काही नळीत वर चढत नाही. दाणा खाली पडतो, बाजूला थोडा घरंगळतो आणि मग ढीग करून बसतो. कोरड्या ज्वारी-बाजरीच्या ढिगाचा उतार साधारण २५ ते ३० अंशांचा असतो. त्यापेक्षा सपाट उतारावर दाणा आपणहून सरकत नाही.

हे डब्यात कसं दिसतं ते बघा. तेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा घेतला, तळाशी चारही बाजूंना खिडक्या कापल्या आणि खाली ताटली लावली. पाखरं कडेचा दाणा खातात. कडेला खळगा होतो आणि मधोमध दाण्याचं टेकाड उभं राहतं. डबा जेमतेम वीतभर रुंद असला तरी मधल्या टेकाडाची उंची सहा-सात सेंटीमीटर होते. हिशोब केला तर जवळपास किलोभर दाणा तिथे कायमचा मुक्कामाला. तुम्ही वरून नवा ओतता, नवाच कडेने खाली उतरतो आणि तो जुना किलोभर पोळ्यापासून होळीपर्यंत तिथेच. सोंडे, म्हणजे दाणा पोखरणारे किडे, होतात ते त्यात, बुरशी धरते ती त्यात.

म्हणून मोजमापाच्या आधी तळ सुधारा. डब्यात मधोमध एक वाडगं पालथं घाला, किंवा प्लॅस्टिकचं जुनं नरसाळं नळी कापून उलटं ठेवा आणि चिकटवा. त्याचा उतार ढिगाच्या उतारापेक्षा चांगला तीव्र हवा. ४५ अंश धरा म्हणजे झालं. पेरणीच्या पाभरीचं चाडं, म्हणजे बी सोडायचं वाडगं आठवा. त्याला सपाट तळ कोणी ठेवला नाही, बी सरसर उतरावं म्हणून. डब्याला एकच भोक मधोमध असेल तर उलटं होतं. मधला दाणा आधी जातो, कडेचा तसाच राहतो, आणि कडेच्या काचेतून बघणाऱ्याला डबा भरलेला वाटतो. तिथे नरसाळं सुलटं बसवायचं. हे केल्याशिवाय, वजन सोडलं तर, पुढची एकही खूण खरं बोलणार नाही.

तळ झाला. आता तुमच्या टांगलेल्या डब्यांसाठी मी सगळ्यात आधी काय करेन? झाकणातून वर डोकावणारी काडी.

मोडकी छत्री घरात असतेच. तिची एक सरळ काडी घ्या. एक जुनी सीडी घ्या. लग्नाच्या सीड्या आता कोणी बघत नाही. सीडीच्या मधल्या भोकात काडीचं टोक बाटलीच्या बुचाने घट्ट बसवा आणि एम-सील लावा. झाकणाला मधोमध भोक पाडून त्यात ठिबकच्या १६ मिलिमीटरच्या नळीचा चार बोटं लांब तुकडा उभा बसवा. आपल्या जळगाव जिल्ह्यात ठिबकच्या नळीला काय तोटा! काडी त्या नळीतून वर काढा आणि वरच्या टोकाला लाल बूच लावा. डबा भरला की सीडी दाण्यावर टेकवून झाकण लावायचं. दाणा उतरेल तशी सीडी उतरते आणि लाल बूच खाली येतं. बूच झाकणाला टेकलं की डबा संपला. रस्त्यावरून मोटारसायकल न थांबवताही दिसतं.

काडीवर तीन ठिकाणी रंगीत टेप गुंडाळा: पाऊण, अर्धा, पाव. बाकीचं काम वहीचं. वही नको असेल तर झाडाच्या बुंध्यावर खडूने रेघ. आज बूच दुसऱ्या टेपपाशी, चार दिवसांनी पण दुसऱ्याच टेपपाशी, तर समजा दाणा अडलाय किंवा पाखरांनी पाठ फिरवलीय. दोन्ही वेळी शिडी लावायची. बूच रोज थोडं-थोडं उतरतंय तोवर शिडी घरीच राहू द्या.

यात घोळ कुठे होतात तेही सांगतो. नळी काडीला फार घट्ट झाली तर काडी अडकते आणि सीडी अधांतरी लटकते. खाली दाणा संपतो, वर बूच दिमाखात उभं! म्हणून नळी सैल हवी. काडी गंजली तर पॉलिश पेपर मारून तिच्यावर मेणबत्ती घासा. तेल लावू नका. तेलाला धूळ चिकटते आणि आपल्याकडच्या वैशाखातल्या वावटळीत तेलाचा दोन दिवसांत चिकट थर होतो. पावसाळ्यात पाणी काडीवरून ओघळत आत जातं. त्यासाठी बुचाच्या खाली एक छोटं प्लॅस्टिकचं झाकण छत्रीसारखं उलटं ओवायचं, म्हणजे ते नळीच्या तोंडावर आडोसा करतं. डबा फांदीला अगदी खेटून टांगलेला असेल तर काडीला वर जायला जागाच नसते. हातभर मोकळं ठेवा.

काडीऐवजी दोरी, कप्पी आणि बाहेर लोंबणारी चिंधी असाही प्रकार करतात. चालतो. पण पाखरांच्या वावरात मोकळी लोंबणारी बारीक दोरी मला नको वाटते. त्यात कोणी नायलॉनचा मांजा वापरला तर विचारायलाच नको. पाय नाही तर पंख अडकलाच.

दुसरी माझ्या आवडीची खूण आरपार भोकाची. डब्याला एका बाजूने खिडकी कापून काच लावण्यापेक्षा ही कितीतरी बरी. खिडकीचं दुखणं असं की आतून तिच्यावर दाण्याचा भुसा चिकटतो आणि रिकामा डबाही भुऱ्या रंगाने भरलेला दिसतो. बाहेरून ऊन. शीतपेयाच्या बाटलीचं प्लॅस्टिक आपल्या उन्हात पिवळं पडतं, कडक होतं आणि एका उन्हाळ्यात तडकतं. आरपार भोकाला धुळीचं एवढं वावडं नाही, कारण तिथे दाणा बघायचाच नसतो, उजेड बघायचा असतो.

पाव पातळीवर समोरासमोरच्या दोन भिंतींना रुपयाच्या नाण्याएवढी भोकं पाडा. त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकची चकती सिलिकॉनने बसवा, आतून भिंतीला सपाट. बाहेर आलेल्या कडेवर दाणा अडतो. दाणा भोकाच्या वर आहे तोवर भोक काळं. दाणा खाली गेला की पलीकडचं आभाळ दिसतं. चकत्या वर्षाला बदलायच्या. दोन रुपयांचं काम.

मात्र बघणारा खाली उभा असतो आणि डबा वर. भोकं एका रेषेत आडवी पाडली तर खालून आरपार काही दिसणार नाही, पलीकडची पत्र्याची भिंतच दिसेल. पलीकडचं भोक वर हवं. किती वर? डबा दहा फुटांवर आणि तुम्ही तेवढ्याच अंतरावर उभे असाल, तर डब्याच्या रुंदीच्या साधारण निम्मं. तेलाच्या डब्यात हे १२ सेंटीमीटर होतात. गणित नको असेल तर अलीकडचं भोक पाडून रिकामा डबा जागेवर टांगा. नेहमी जिथून बघणार तिथे उभं राहून पोरांच्या खेळण्यातला लेझर त्या भोकात मारा. शिडीवरचा माणूस आतल्या भिंतीवर लाल ठिपका कुठे पडला तिथे खूण करेल. तेच दुसरं भोक. डबा एका दोरीवर टांगलेला असेल तर वाऱ्याने गरगर फिरतो आणि भोक भलतीकडे तोंड करतं. म्हणून दोन ठिकाणी बांधा. भोकांची दिशा पूर्व-पश्चिम ठेवली तर सकाळ-संध्याकाळ उजेड छान येतो, आणि शेतावर आपली चक्करही त्याच वेळी असते.

आरपार भोकाने एकच गोष्ट कळते, पावच्या वर की खाली. दाणा सरकतोय का ते नाही. म्हणून काडी पहिली आणि भोक दुसरं. दोन्ही केलंत तर उत्तम. काडी अडकली तर भोक चुगली करतं.

वजनावर विश्वास ठेवणारा माणूस असाल तर तिसरा मार्ग आहे. दाण्याचा ढीग कसाही बसू दे, वजन खोटं बोलत नाही. डबा फांदीवरच्या कप्पीवरून दोरीने टांगा आणि दोरीचं दुसरं टोक खाली बुंध्याला बांधा. भरायलाही सोपं पडतं, डबाच खाली घ्यायचा. मोजायला लटकवायचा डिजिटल काटा आणायचा, बाजारात मिळणारा ४०-५० किलोचा. खालच्या टोकात काटा अडकवून डबा हळूहळू वर ओढा. ओढताना काटा समजा ९ किलो दाखवतो. आता तसाच हळूहळू सोडा, तो ७ दाखवेल. फरक कप्पीच्या घासण्याचा. वर ओढताना ते घासणं तुमच्या अंगावर पडतं, सोडताना तुम्हाला मदत करतं. दोन्हींची सरासरी ८ किलो. रिकामा डबा ताटली-साखळीसकट २ किलोचा असेल तर दाणा ६ किलो. पूर्ण भरलेल्या तेलाच्या डब्यात ज्वारी साधारण १२ किलो मावते, म्हणजे निम्मा उरलाय. नुसत्या एका आकड्यावर गेलात तर किलोभर इकडे-तिकडे होणारच, म्हणून वर आणि खाली दोन्ही बघा. रिकाम्या डब्याचं वजन तुमचं तुम्ही एकदा करून डब्यावरच रंगाने लिहून टाका. पुढच्या माणसाला विचारावं लागत नाही.

तराजूचा झेंडा हा याच्याच पुढचा प्रकार, आणि पोरांना भारी आवडतो. मजबूत बांबू मधोमध टांगायचा. एका टोकाला डबा, दुसऱ्या टोकाला ५ किलोचा दगड. डबा २ किलो आणि दाणा ३ किलोच्या खाली गेला की दगडाची बाजू खाली बसते, डबा वर जातो आणि त्याला बांधलेलं लाल फडकं उघडं पडतं. दिसायला झकास. दगडच घ्या, आपला काळा. वीट पावसात पाणी पिऊन जड होते आणि वाळूची पिशवी तर विचारू नका. बांबूला वीतभरच खालीवर होऊ द्या, दोरीने रोखा, नाहीतर वाऱ्यात झोपाळा होतो. कबुतरांच्या गावात मात्र हा प्रकार करू नका. चिमणी २५-३० ग्रॅमची, तिचं काही नाही. कबूतर ३०० ग्रॅमच्या आसपास. पंधरा-वीस कबुतरं ताटलीवर उतरली की पाच-सहा किलोचा भार. डबा रिकामा असूनही झेंडा म्हणणार, भरलेला आहे. कबुतरं असतीलच तर भर दुपारी बघायचं, ती सावलीला गेलेली असतात. मोर बसला तर बांबूच गेला.

टकटक करून ओळखणं ही सगळ्यात जुनी रीत, कोठीवर करतात तीच. लांब बांबूने डब्याला खालून वर हलकेच मारत जायचं. दाणा आहे तिथे ‘धप’, रिकामं आहे तिथे ‘टण्’. पत्र्याच्या डब्याला छान जमतं, जाड प्लॅस्टिकला जवळपास काही कळत नाही. आणि पाखरं बसलेली असताना मारू नका, एवढं सांगायला नको. गॅसच्या सिलिंडरला ओलं फडकं फिरवून रेघ बघतात ते दाण्याला करून वेळ घालवू नका. त्यात पाणी किंवा गॅस असेल तर ओल कुठे टिकते हे दिसतं. दाणा उष्णता फारशी ओढत नाही, फरक इतका फिका पडतो की बघणाऱ्याला हवी तिथे रेघ दिसते.

पीव्हीसी पाइपाचा फीडर करणार असाल तर आणखी एक गंमत आहे. चार इंची, म्हणजे ११० मिलिमीटरच्या पाइपात मीटरला सहा किलोच्या आसपास ज्वारी बसते. म्हणजे साधारण १६ सेंटीमीटरला एक किलो. पाइप अरुंद आणि आतून गुळगुळीत असल्याने दाणा मोठ्या डब्यापेक्षा पुष्कळ सरळ, थराथराने उतरतो. तिथे खुणेचा थर चालतो. पाइप भरताना खाली सगळी ज्वारी, त्यावर दोन मुठी बाजरी, मग वर शेवटची किलोभर ज्वारी. ताटलीत पांढऱ्या दाण्यात हिरवट-राखाडी बाजरी दिसायला लागली की किलोभरच उरलंय. रंग लावलेला दाणा कशाला? बाजरीही पाखरं आवडीने खातात. मक्याचा थर देऊ नका. पोपट फोडतील, पण चिमणीला अख्खा मका पेलत नाही. तो ताटलीत साचतो आणि वाट अडवतो. डाळ मिलची चुरी स्वस्त मिळते म्हणून पाइपात भरू नका. ती दबून बसते, उतरत नाही. ताटलीत वरून टाकायला ठीक.

इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या-भाचा असेल तर तो सेन्सर लावू म्हणेल. लावू द्या, त्याचंही शिकणं होतं. फक्त त्याला दोन गोष्टी सांगा. आवाजाच्या लाटेवर अंतर मोजणारा स्वस्त सेन्सर तापमानाची दुरुस्ती केल्याशिवाय वापरू नकोस. आवाजाचा वेग १५ अंशांना सेकंदाला ३४० मीटर असतो, ४५ अंशांना ३५८ च्या आसपास. पाच टक्के फरक. मीटरभर खोल ड्रमात पाच सेंटीमीटरची चूक, आणि भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या आतलं तापमान ४५ वर थोडंच थांबतं! दुसरं म्हणजे दाण्याचा पृष्ठभाग सपाट नसतो, उतरता असतो. लाट भलतीकडे परतते. वजनाचा लोड सेल लाव म्हणावं. आणि बॅटरीचा डबा उन्हात ठेवू नकोस.

आता पावसाळा. मृग लागला की डबा पूर्ण भरायचं बंद. चार-पाच दिवसांत संपेल एवढाच दाणा. त्या दिवसांत किडे-अळ्या मुबलक असतात, पाखरांचं डब्याकडे येणंही कमी होतं. म्हणून उन्हाळ्याच्या हिशोबाने भरलात तर दाणा पडून राहणारच. जुन्यावर नवा ओतायची सवय तोडा. आधी खालचा काढा, हातात घ्या, वास घ्या. कुबट वास आला, गुठळी हाताला लागली किंवा दाण्यावर हिरवट-काळी बुरशी दिसली तर सगळा दाणा खड्ड्यात पुरा. गुरांना घालू नका, कोंबड्यांनाही नको. डबा धुऊन कडक उन्हात वाळवायचा आणि मगच भरायचा. साठवणीचा दाणा चांगला खडखडीत हवा; दातांखाली फुटताना ‘कट्’ आवाज आला पाहिजे.

दाण्यावरून सगळ्यात महत्त्वाचं. पेरणीतून उरलेलं मक्याचं किंवा ज्वारीचं बियाणं, ते गुलाबी-लाल-निळ्या पुडीचं, डब्यात घालू नका. ते औषध लावलेलं असतं. पाखरू चार दाणे खाऊन झाडाखाली पडलेलं सापडतं. ‘धुऊन घातलं’ म्हणणारेही भेटतात. धुऊन जात नाही. तसंच कोठीत किडीसाठी अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवलेला दाणा लगेच काढून डब्यात नको, आणि गोळी डब्यात तर स्वप्नातही नको. तो वायू माणसाचाही जीव घेतो. सोंडे नकोत तर दाणा थोडा आणा, लवकर संपवा. दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, मळून झाली की खळ्यावरची कणसातली झाडझूड, बारका दाणा फुकट मिळतो. पाखरांना तोच पुरे.

पातळी अचानक उतरली तर? एका रात्रीत अर्धा डबा गेला तर पाखरांना दोष देऊ नका, पाखरं रात्री खात नाहीत. उंदीर बघा. दिवसा गेला तर खार किंवा वानर. वानर दाणा कमी खातं आणि उधळतं जास्त, ते खालच्या सड्यावरून कळतं. उंदरासाठी बुंध्याला हातभर रुंद पत्र्याचा गुळगुळीत पट्टा गुंडाळा. खारीला थोडं देऊन टाका. तिच्याशी कोण भांडणार!

खालचा सडा मात्र सोडून देण्यासारखा नाही, आणि इथे तुमच्या ड्रमची गोष्ट येते. तुम्ही जे व्हिडिओ बघितलेत ते अमेरिकेतले. तिकडे तिपाईवर ५५ गॅलनचा, म्हणजे आपल्याच २०८ लिटरच्या मापाचा ड्रम ठेवतात. त्यात मका भरतात, आणि खाली घड्याळावर फिरणारी चकती ठरल्या वेळी मका चौफेर फेकते. तो हरणांसाठी असतो, बऱ्याच ठिकाणी शिकारीसाठीच. तुमचं शेत सातपुड्याला लागून. जमिनीवर मका फेकलात तर पहिलं कोण येईल? रानडुक्कर. ते मका खाऊन तुमच्या आणि शेजाऱ्याच्या केळीत शिरेल. डुकराच्या मागावर बिबट्या येतो हे यावल-चोपड्याच्या माणसाला मी काय सांगावं. अभयारण्याच्या हद्दीत तर वन विभागाच्या परवानगीशिवाय असलं काही करूच नका. यावलचं अभयारण्य तुमच्यापासून लांब नाही, आणि १९७२ चा वन्यजीव कायदा प्राण्याला आमिष दाखवणं हा शिकारीचाच भाग मानतो. तुमचा हेतू चांगला असला तरी ड्रमाजवळ उद्या कोणी फास लावला तर उत्तरं तुम्हाला द्यावी लागतील.

हिशोबानेही ड्रम बसत नाही. २०० लिटरमध्ये ज्वारी १४० किलोच्या वर जाते. एक कबूतर दिवसाला साधारण ३० ग्रॅम खातं. पन्नास कबुतरं रोज आली तरी दीड किलो. म्हणजे ड्रम तीन महिने पुरणार. उबेत सोंड्याची एक पिढी महिनाभरात तयार होते. तीन महिन्यांत तुम्ही दाण्याचा फीडर चालवत नसाल, सोंड्यांचा कारखाना चालवत असाल. गुजरातेत बऱ्याच गावांत कबुतरांना दाणा टाकायचे चबुतरे आहेत, तिथे शहाणी माणसं दाणा रोज सकाळी मोजून टाकतात, साठवून ठेवत नाहीत. त्यामागे हेच कारण आहे. तुम्ही चार-पाच छोटे डबे वेगवेगळ्या झाडांवर ठेवा. एखादा अडला तर बाकीचे चालू राहतात, आणि सगळ्या पाखरांची एकाच ताटलीवर गर्दी झाली नाही की रोगही कमी पसरतो.

ड्रम फेकू नका. तिपाईवर त्याच जागी बसवा आणि पाणी भरा. चैत्रापासून मृगापर्यंत आपल्या भागात पाखराला दाण्यापेक्षा पाणी जास्त हवं असतं, आणि आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, शेतातली डबकी तर सगळी आटलेली असतात. आधीचा ड्रम औषधाचा किंवा रसायनाचा असेल तर मात्र पाण्यालाही वापरू नका, कितीही धुतलेला असो. ड्रमच्या तळाला ठिबकची एक नळी आणि कॉक बसवा, खाली मातीचं पसरट भांडं ठेवा. थेंब इतका बारीक ठेवा की भांडं भरलेलं राहील आणि चिखल होणार नाही. भांड्यात एक-दोन दगड ठेवा, चिमणीला उभं राहायला. पाण्याच्या ड्रमला मात्र ती गवंड्याची पारदर्शक नळी बाहेरून खुशाल लावा. पातळी दुरूनही दिसेल. नळीत शेवाळ धरायला लागलं तर तिच्यावर काळी टेप गुंडाळा आणि बोटभर रुंदीची उभी फट तेवढी उघडी ठेवा.

काडी करताना सीडी डब्याच्या आत नीट फिरते का ते आधी रिकाम्या डब्यात बघून घ्या. सीडी १२ सेंटीमीटरची असते, डबा त्याच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे अडायचं कारण नाही. पण डब्याला आत पोक आलेला असेल तर तिथे घासते. पोक बाहेरून हातोडीने नको, आत लाकडाचा ठोकळा धरून हलक्या हाताने काढा. पहिल्या आठवड्यात काडी आणि शिडी दोन्ही चालू ठेवा. काडी काय सांगते आणि आत काय आहे ते जुळवून बघा, आणि टेपच्या खुणा त्याप्रमाणे सरकवा. जुळलं की शिडी शेजाऱ्याला द्यायला मोकळी.